मोटरच्या सुरात लावलेली गिटार

भूपेश पाटलाची गिटार कुणाच्याच वाद्याशी जुळायची नाही, हे शेलारपासून भिवंडीपर्यंतच्या सगळ्या बँजो पार्ट्यांना ठाऊक होतं. हळदीच्या मांडवात तो येऊन बसला की की-बोर्डवाला आधी बजावायचा, "दादा, आज आपल्या सुरात हां!" भूपेश मान हलवायचा, सगळ्या तारा थोड्या चढवायचा आणि नवऱ्याचा मामा मागेल ते वाजवायचा. मामा एकच गाणं पाच वेळा मागतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी माणूस मामांशी भांडत नाही. पाठ दुखते, बोटांना घट्टे पडलेले असतात, आणि जेवण गार होत असतं.

हा वेगळा सूर त्याला लागला केसरीनाथ काकाच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात. बारा लूम, एक खिडकी. एकोणिसाव्या वर्षी काकाने त्याला लूमवर उभं केलं, आणि त्याच वर्षी त्याने जुनी गिटार पैदा केली. शिकवायला कोण होतं? कॅसेटवर ऐकलेलं रॉक होतं आणि हात होते. घरी वाजवली की आई म्हणायची, "आरं, कान खाऊ नको!" कारखान्यात मात्र बारा लूमच्या खडखडाटात तो बेंबीच्या देठापासून ओरडून गायचा आणि कुणाचं काही बिघडायचं नाही. शिफ्ट बदलताना लूम थांबायचे, मोटरी तेवढ्या चालू राहायच्या. तेव्हा जी एकसारखी, जाड घूं उरायची, तिच्यावर भूपेशने गिटारची वरून दुसरी तार लावली. बाकीच्या तारा तिच्या हिशोबाने. सूर म्हणजे हाच, असं तो धरून चालला. जगात दुसरा सूर असतो हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

त्या एकुलत्या खिडकीशी रंजिता कांड्या भरायला बसायची. लूमवर आडव्या धावणाऱ्या धोट्यात घालायच्या त्या सुताच्या कांड्या. तिच्यावरूनच त्याने गाणं बांधलं: "बारा लूम, एक खिडकी, खिडकीत थोडं आभाळ." पुढे लग्नही झालं. गाण्याबद्दल मात्र रंजिता कधी चकार शब्द बोलली नाही. आवडलं म्हणाली नाही, नावही ठेवलं नाही. भूपेशला ते लागायचं, पण विचारायचं धाडस झालं नाही.

तिशीत असताना त्याने चौघांचा बँड काढला, नाव 'पावरकट'. कल्याणच्या एका स्पर्धेत पहिले आले आणि मुंबईच्या एका स्टुडिओतून बोलावणं आलं. तिथल्या माणसाने सूर मोजायचं मशीन लावलं आणि हसत म्हणाला, "सगळी गिटार उतरलेली आहे, साहेब." भूपेशचं तोंड एवढंसं झालं. भांडायला हवं होतं. 'हे गाणं असंच आहे' म्हणायला हवं होतं. त्याने मुकाट्याने खुंट्या पिळल्या. चढ्या सुरात त्याचा गळा ताणला गेला, गाणं वरची गुंडी लावलेल्या शर्टासारखं आवळून आलं. रेकॉर्ड झालं, पण कुणी ऐकलं नाही. बँडचा ड्रमवाला कुणाल गोदामात सुपरवायझर झाला, बाकीचे दोघेही आपापल्या वाटेने गेले. भूपेश हळदीत वाजवू लागला. सुरुवातीला घरी आला की तारा पुन्हा उतरवायचा. मग कंटाळा करू लागला, आणि अलीकडे तर त्या चढलेल्याच राहू लागल्या.

यंदा काकाने कारखाना विकला. तिथे गोदाम होणार, लूम भंगारात जाणार. हे कळलं तेव्हा भूपेशच्या मनात एकच गोष्ट आली: मोटरी चालू असताना, त्यांच्याच सुरात, ते खिडकीचं गाणं एकदा मोबाइलवर घ्यायचं. खरं गाणं. तेवढं झालं की पुरे, मग खुशाल मरेपर्यंत मामांची फर्माईश. पण लगीनसराई चालू होती. एक रविवार हळदीत गेला, दुसरा गेला, तिसराही. काका म्हणाला होता, सोमवारी भंगारवाल्याची गाडी येईल. म्हणून आदल्या रविवारी त्याने एका हळदीला नाही म्हटलं, गिटारला नव्या तारा घातल्या आणि दुपारी निघाला. डबा घेऊन रंजिताही आली.

कारखान्यात लूम जागच्या जागी होते. मोटरी नव्हत्या.

"भंगारवाला कालच आला ना रं," काका दारातून म्हणाला. "मोटरी पयल्या नेल्या. तुला सांगाचा ऱ्हायला."

भूपेश सूत गुंडाळायच्या एका रिकाम्या बीमवर बसला. म्हटलं, सूर काय, डोक्यात आहेच. त्याने तार उतरवली. फार उतरली. चढवली, तर मांडवातला सूर आला. पुन्हा उतरवली. दहा वेळा केलं. ज्या घूंमध्ये त्याची जवानी गेली ती त्याला आठवेना. इतक्या वर्षांच्या हळदींनी कानातून ती पार पुसून टाकली होती. त्याला रडू आलं, आणि रडण्याचाही कंटाळा आला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "घरी चल."

रंजिता खिडकीशी तिच्या जुन्या जागेवर बसली होती. तिने डबा खाली ठेवला, तोंड मिटलं आणि गळ्यातून आवाज काढला. जाड, एकसारखा.

मोटरींची तीच घूं, भूपेशने लगेच ओळखली. त्याने हळूहळू तार उतरवली, आणि एका जागी दोन्ही आवाज एक झाले. बाकीच्या तारा पटापट लागल्या. त्याने मोबाइल लूमवर ठेवला आणि गायला लागला. गळा कुठेच ताणला नाही. रंजिता श्वासापुरती थांबायची आणि पुन्हा तोच सूर धरायची, शेवटच्या ओळीपर्यंत.

"इतकी वर्सं बोलली का न्हाईस?" त्याने विचारलं. "तुला सूर ठाव हाय ते?"

"तू कवा इचारलंस?" ती म्हणाली, आणि डबा उघडला.