रविवारचं दूध

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. त्यात अंगणवाड्यांवर देखरेखीची नोकरी लागली, म्हणजे माकडाच्या हाती कोलीतच. नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरातून एसटीने मलकापूरला जायचे आणि पुढे चढण चढून एका धनगरवाड्यावर पोरांची वजनं घ्यायचे. घरं मोजून बारा, म्हशी पुष्कळ आणि अक्कल शिकवायला मी.

तिथं दीड वर्षाची एक पोर होती. हातापायाच्या काड्या, पण झोळीच्या काट्यात बसवली की खुदकन हसायची. तिचं वजन तक्त्यावरच्या कुपोषणाच्या लाल पट्ट्याच्या जेमतेम वर होतं. ते खाली जाऊ द्यायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं.

एकदा कामाचा उरक दाखवायला सुट्टीच्या रविवारीही वर गेले. डेअरीची गाडी खालच्या रस्त्याला रोज यायची, पण त्या दिवशी एकाही घरातून दूध उतरलं नव्हतं. मी पोरीच्या आईला कारण विचारलं.

"ऐतवारचं दूध आमी इकत न्हाय, बाई. जोतिबाचा वार. देवाला दावायचं, मग पोरास्नी द्यायचं."

"देव पितोय व्हय दूध?" मी जमलेल्या सगळ्या बायकांसमोर फाडकन म्हणाले. "घाल की गाडीला! त्या पैशात पोरीला काहीतरी चांगलंचुंगलं आण."

मी अहवालात 'अंधश्रद्धा दूर केली' असं झोकात लिहिलं. साहेबांनी कौतुकही केलं.

चार महिन्यांनी पोर काट्यात बसली, पण हसली नाही. वजन लाल पट्ट्यात उतरलं होतं. मी आधी आईलाच झापलं, "काय खायला घालतीस गं हिला?" तिनं फडताळातून बिस्किटाचा पुडा काढून माझ्यापुढं ठेवला.

"तुमी सांगितलंतं की. आता ऐतवारचं बी दूध गाडीला जातंय. आदी त्या दिवशी पोरं पोटभर प्यायची. उरल्यालं इरजायचं आन् ताक करून नाचणीच्या आंबिलीत बुधवारपातूर घालायचं."

मला तो रविवार आठवला. देवाचं नाव काढताना तिनं त्याच दमात पोरांचंही सांगितलं होतं. मी देव तेवढा ऐकला आणि शहाणपणा पाजळला. आठवड्यातले सहा दिवस दूध बाहेर जायचं, पोरांसाठी त्यांनी एक दिवस राखला होता. तो मी काढून घेतला. आजही लाज वाटते.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "पुढच्या रविवारपासून पुन्हा घरात ठेवा."

"मोडल्याला वार परत कसा धरायचा, बाई? देवाला काय तोंड दावू?" ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग ती चुलीकडे वळली. माझ्यासाठी चहा आणला, दुधाचा. पोरीच्या हातातल्या वाटीत कोरा होता. मी माझा कप पोरीपुढं सरकवला, तर आईनं तो परत माझ्याकडे केला.

"पाव्हण्यास्नी कोरा च्या देत्यात व्हय?"

नको म्हणावं, तर तिच्या घरात काय करायचं ते पुन्हा मीच सांगितल्यासारखं झालं असतं. पोर माझ्या कपाकडे बघत होती. मी चहा प्यायले.