दोघींचे एकच चुकलेले उत्तर

आमगावच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झालो, त्याच आठवड्यात कटरे मॅडमनी मला आपादमस्तक न्याहाळून विचारले, "तुम्ही भाषेचे सर. गणिताच्या तासाले मागं येऊन कायले बसता?" बीजगणिताची माझी भीती घालवायची आहे, असे मी सांगितले. त्यांचा विश्वास बसला नाही; पण त्यांनी मला बसू दिले.

मॅडम साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांचा संशयी स्वभाव वगळून त्यांचा गौरव करणे मला जमणार नाही. बरोबर उत्तराकडेही त्या डोळे बारीक करूनच पाहत.

एका सहामाही परीक्षेत त्यांनी उदाहरण घातले होते: वडील व मुलगी यांच्या वयांचे गुणोत्तर ७:२; पाच वर्षांनी ते ८:३ होईल, तर आजची वये काढा. एकाच बाकावरच्या नंदिनी आणि पायल या दोघींनी ४९ आणि १४ असे लिहिले. उत्तर चूक, आणि दोघींचे अगदी सारखे! मॅडमनी मुख्याध्यापकांकडे कॉपीची तक्रार केली. दुसऱ्या दिवशी नंदिनीचे वडील आले.

"पोरगी चोरी करत असन, तर उद्यापासून धान कापाले जाईल," ते म्हणाले.

नंदिनी रडू लागली. मॅडमना कुठेतरी खटकले असावे. त्यांनी दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तेच उदाहरण पुन्हा सोडवायला लावले. ३(७x + ५) चा कंस सोडवताना नंदिनीने २१x + ५ लिहिले; उजवीकडचा ८(२x + ५) मात्र बरोबर सोडवला.

"पाचाले तिनानं काऊन नाही गुणलं?"

"मॅडम, तुमीच फळ्यावर डावीकडचा कंस तसा लिवला होता न!"

दुसऱ्या खोलीत पायलनेही हेच सांगितले. आता मॅडमना स्वतःचाच संशय आला. त्यांनी सगळ्या वर्गाला तो कंस सोडवायला सांगितला. कितीतरी वह्यांत तीच चूक निघाली.

वडील दारात उभे असतानाच मॅडम वर्गाला म्हणाल्या, "चोरी कोणीच केली नाही. मीच चुकीचं शिकवलं." मग त्यांनी फळ्यावर २१x + १५ = १६x + ४० असे मांडले. x आला पाच. वये ३५ आणि १०.

"या उत्तरावर तरी विश्वास बसला?" त्यांनी नंदिनीला विचारले.

"सोडवून पाहते, मंग सांगते."

मॅडम मोठ्याने हसल्या. वडिलांनी मुलीचे दप्तर उचलून बाकावर ठेवले आणि ते एकटेच घरी गेले. तक्रार मॅडमनी त्याच दिवशी मागे घेतली.

निवृत्तीनंतर मॅडम कुडव्यात राहतात. त्यांच्या गुडघ्यांनी त्यांना साथ द्यावी, नजर अशीच तीक्ष्ण राहावी, आणि अडलेली गणिते घेऊन येणाऱ्या मुलांनी त्यांचे अंगण पुढची कितीतरी वर्षे भरलेले असावे.