दुखणं माझं, आकडे मालकांचे

छातीचं आपरेशन झालं, केमोच्या बाटल्या संपल्या, आन् दवाखान्याचा दर सोमवारी फोन सुरू झाला. नर्सबाई पुण्यावरनं बोलायची. दुखतंय किती, दम लागतो का, जेवण जातं का, एकेकाला शून्य ते दहा आकडा सांगायचा. शून्य म्हंजी काहीच त्रास न्हाई, दहा म्हंजी सोसवंना. डाक्टरीणबाईंनी आधीच बजावलं व्हतं, "मावशी, मशिनीच्या फोटोत दिसायच्या आधी कधीकधी तुमचं तुम्हालाच जाणवतं. तुमच्या सांगण्यावरनं आम्हाला पुढचा अंदाज येतो." म्हंजी पुढं काय व्हणार ते माझ्याच तोंडातनं निघणार!

पर माझ्या तोंडापातूर फोन यायला तर पायजे! दवाखान्यात नंबर दिलेला मालकांचा, म्हंजी माझ्या नवऱ्याचा. फोन कायम त्यांच्या खिशात. आन् आमच्या खुटबाव गावात कुणी "कसं काय?" इचारलं की "बरं हाय" म्हणायचं, मग घरात कुणी आडवं पडलेलं का असंना. मालकांनी नर्सबाईलाबी त्यातच धरलं. रस्त्यात कुणी रामराम घालावा तशी उत्तरं द्यायचे. "दुखणं? शून्य. दम? शून्य. ठणठणीत हाय बघा म्याडम. तुमच्याकडं पाऊसपाणी कसं काय?" अवो, ती बाई पाऊसपाणी इचारायला फोन करती व्हय?

"दुखणं माझं आन् आकडे तुमचे?" मी एकदा फणकारले. तर हसून म्हणतात कसं, "वंगाळ कशाला बोलायचं? बोललं की मागं लागतं." मलाबी शून्य ऐकलं की घटकाभर वाटायचं, असंल बाई शून्य.

मग दिवाळीच्या तोंडावर शेतातली शेवंती तोडताना दम लागायला लागला. आधी म्हणलं, ऊन हाय. मग पाण्याच्या पाटावरनं घरी येताना मधीच बसावं लागलं. उताणी झोपले की गुदमरायची, म्हणून भिंतीला टेकून बसायची. केमो घेताना शेजारच्या खाटंवर एक बाई असायची, तिला असाच दम लागला व्हता. पुढच्या खेपंला तिच्या खाटंवर दुसरीच बाई. तिचं काय झालं ते मी कुणाला इचारलं न्हाई. हिंमतच झाली न्हाई.

त्या सोमवारी मी बांधावर धापा टाकत बसलेली, आन् मालक माझ्याकडं बघत फोनात सांगतायत, "दम? शून्य." माझ्याकडं बघत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठून फोन हिसकला. "म्याडम, ह्यांचं काय बी ऐकू नगा. दम लागतोय. आठ. नऊच धरा." बोलले आन् वाटलं, झालं, आता सांगून बसले, आता ते खरं झालं.

"मावशी, आजच्या आज या," नर्सबाई म्हणाली.

जीपमधी मालक सारखे खिडकीबाहेर बघत व्हते. म्हणलं, रागावले असतील. दवाखान्यात फोटो काढला, तर फुप्फुसाभवती पाणी झालेलं. सुई घालून ते काढलं तवा जरा जीवात जीव आला. पाणी तपासायला धाडलं. दुखणं परत आलंय का दुसरं काय हाय, ते रिपोर्टवर कळंल म्हणाल्या डाक्टरीणबाई. "वेळेवर सांगितलंत," असंबी म्हणाल्या. पर मला ते 'परत' तेवढं ऐकू येत व्हतं.

रिपोर्ट यायचा व्हता. मी खाटंवर, मालक शेजारी ष्टुलावर. फोनवर बोलायची तीच नर्सबाई आली, आमच्या लेकीयेवढी पोरगी. पुन्हा आकडे इचारायला लागली. दुखणं मी तीन सांगितलं, दम चार.

"आणि मनाला कसं वाटतंय? काळजी, भीती?"

मी तोंड उघडायच्या आत मालक बोलले. म्हणलं, आता शून्य सांगतील.

"लई भ्या वाटतंय म्याडम," ते म्हणाले. "झोप म्हणून न्हाई. ही बसून ऱ्हाती आन् मी नुसता डोळे मिटून पडतो. दहा लिवा."

पोरगी गोंधळली. "काका, मी मावशींना विचारतेय."

"लिव बाई," मी म्हणलं. "बराबर सांगितलंय त्यांनी."