डोकं लई उनी का?

"डोकं लई उना का?"

दुकानाच्या पायरीवर गिऱ्हाइकाचा पाय पडला की आबा हेच विचारायचे. डोकं आणलंस का? बाई असली की "उनी का?" नवखा माणूस आधी गोंधळायचा, मग हसायचा, आणि आबा काही हसत नाहीत हे बघून गप्प व्हायचा. ज्याच्या डोक्यावर हेल्मेट जायचं, तो माणूस समोर उभा राहिल्याशिवाय आबा हेल्मेट विकत नसत. मग तुम्ही कोणीही असा.

धुळ्याला आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. इतकं अरुंद की आत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. आधी तिथं आबांच्या वडिलांचं टोप्यांचं दुकान होतं. टोप्यांचा धंदा बसला, तशी आबांनी हेल्मेटं ठेवायला सुरुवात केली. आणि मातीत गाड्या उडवणारी पोरं येऊ लागली, तेव्हा त्यांच्यासाठी पुढं चोच आलेली मोठी हेल्मेटं, नी-गार्ड, गॉगल, उंच बूट. आबा स्वतः मात्र सायकलवर फिरायचे, तीही निम्मा वेळ हातात धरून.

मी पहिल्यांदा गेले त्या दिवशी साक्रीकडचा एक माणूस आला होता. भावासाठी हेल्मेट पाहिजे म्हणून डोक्याचं माप सुतळीनं घेऊन, गाठ मारून, सुतळी खिशातून घेऊन आलेला. आबांनी सुतळी हातात घेतली, ताणून पाहिली, गाठही पाहिली. माप नीट घेतलंय म्हणाले. मग विचारलं, "सुतळीले गाल शेतस का, भाऊ?" म्हणजे सुतळीला गाल आहेत का?

तो म्हणाला, आबा, साक्रीहून आलोय, एवढ्या लांबून.

"मंग साक्री जाय आनि भाऊले लई ये," आबा म्हणाले आणि सुतळी नीट गुंडाळून त्याला परत दिली. माझ्या मनात आलं, हा माणूस उपाशी मरणार. नंतर कळलं की तो साक्रीवाला पुढच्या आठवड्यात खरंच भावाला घेऊन आला.

आता मी तिथं का गेले ते सांगते. माझं पारोळ्याला शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, ड्रेस, शाळेचे गणवेश. माझी मुलगी धनश्री तेव्हा सतरा वर्षांची, बारावीला धुळ्याला मावशीकडे राहून शिकायची. शिकायची म्हणजे मला तसं वाटायचं. प्रत्यक्षात ती रविवारी एका गॅरेजवाल्याच्या गटात जाऊन मोटोक्रॉसची गाडी शिकत होती. मोटोक्रॉस म्हणजे काय, तर मातीचे ढिगारे करायचे आणि त्यांवरून गाडी हवेत उडवायची. मला कळलं तेव्हा मी तीन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिचे वडील जिनिंगमध्ये कामाला, ते म्हणाले, "तू बघ." कुठलंही अवघड काम आलं की ते असंच म्हणतात. चौथ्या दिवशी मला कळून चुकलं की पोरगी ऐकणार नाही. जळगावजवळ मुलींची वेगळी शर्यत होणार होती आणि तिनं नाव देऊन टाकलं होतं. मग मी ठरवलं, जाणारच असशील तर डोकं तरी नीट झाकून जा. बाकी हातपाय मोडले तर बसतात.

म्हणून मी धनश्रीला घेऊन गेले. म्हणजे डोकं घेऊन गेले. आबांनी तिच्या कपाळाभोवती टेप फिरवली, तीनदा फिरवली. मग मागून, वरून, बाजूनं तिचं डोकं बघितलं. म्हणाले, "लांबट शे." मला आधी राग आला. माझ्या पोरीच्या डोक्याला नावं ठेवतो की काय हा माणूस. पण ते सांगायला लागले. कोणाचं डोकं गोल असतं, कोणाचं पुढून मागे लांब. माप तेच असलं तरी गोल डोक्याचं हेल्मेट लांबट डोक्याला कपाळावर टोचतं आणि कानांवर सैल राहतं. हे मला लगेच पटलं. एकाच छातीच्या दोन बायकांना एक ब्लाउज कधी बसतो का? तुम्हीही बघितलं असेल.

त्यांनी एक हेल्मेट तिच्या डोक्यात घातलं. गाल असे वर आले की पोरगी ओळखू येईना. आबांनी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि स्वतः चहा घेऊन पेपर वाचत बसले. ही त्यांची पद्धतच होती. पेपर वाचून होईपर्यंत हेल्मेट डोक्यावरून काढायचं नाही. येणारेजाणारे बघायचे, हसायचे. बाकावर कधीकधी तीन-तीन जण हेल्मेट घालून रस्त्याकडे तोंड करून बसलेले मी पुढं पाहिलेत. पेपर संपला की हेल्मेट काढून आबा कपाळ बघायचे. मधोमध एकच लाल वळ उठला असेल तर ते हेल्मेट बाद. सगळीकडून सारखं दाबलं गेलं असेल तर ठीक.

धनश्रीचं कपाळ सारखं होतं. आबा म्हणाले, हेच घे. मी म्हटलं, "आबा, एक नंबर मोठं द्या. फार घट्ट आहे, आणि वाढत्या अंगाची पोर आहे. दोन-तीन वर्षं तरी चाललं पाहिजे."

आबांनी चष्मा काढला. "ताई, सतरा वरीसनी पोर शे. आते डोकं वाढत नही."

"केस वाढतात."

"गादी दबस. महिनाभरमा हाईच ढिलं व्हई. मोठं लिसन काय करशी?"

आतली गादी दबून हेच सैल होईल, हे मला पटेना. मी माझा धंदा त्यांना सांगितला. वीस वर्षं गणवेश शिवतेय. आजवर एकही कपडा मी आत दोन बोटं मार्जिन ठेवल्याशिवाय दिला नाही. जूनमध्ये शिवलेला शर्ट मार्चपर्यंत पोराला बसतो तो त्या दोन बोटांमुळे. आयाबाया माझं नाव घेतात ते त्यासाठी. आबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "कापडले मार्जिन. डोकाले नही."

मी उठले आणि पोरीला घेऊन निघाले. असला हट्टी म्हातारा मला चालत नाही, कारण मीच तशी आहे.

दुसऱ्या एका दुकानातून मी एक नंबर मोठं हेल्मेट आणलं. स्वस्तही पडलं. धनश्री म्हणाली, आई, हलतंय. मी म्हटलं, हलू दे, मी काय मेलेय का? ब्लाउजच्या कपाचा फोम माझ्याकडे ढीगभर. त्याला सुती अस्तर लावून मी आतून अशी सुंदर गादी शिवली की विचारू नका. बारीक टाके, चारही बाजूंनी पायपिंग. दोन वर्षांनी डोकं वाढलं की फोमचा एक थर काढायचा. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. शेजारणीलाही दाखवलं.

शर्यत पंधरा दिवसांवर आली. धनश्री नी-गार्ड घ्यायला आबांकडे गेली, तेच हेल्मेट घालून. संध्याकाळी तिचा फोन आला. "आबा म्हणाले, तुनी मायले लई ये."

मी गेले ती भांडायच्या तयारीनं. आबांनी धनश्रीला हेल्मेट घातलं, हनुवटीखालचा पट्टा घट्ट केला, एक बोट जेमतेम जाईल इतका. मला म्हणाले, बघून घे, पट्टा नीट आहे ना? मी म्हटलं, आहे. मग त्यांनी हेल्मेटच्या मागच्या कडेखाली तळहात घातला आणि हळूच वर, पुढं ढकललं.

हेल्मेट तिच्या डोळ्यांवर आलं, नाकावर आलं, आणि निघालं. पट्टा लागलेलाच होता. माझ्या पायपिंगसकट ते आबांच्या हातात राहिलं आणि पोरीची वेणी माझ्यासमोर उघडी. आबांनी जोरही लावला नव्हता.

"फोम दबस नि पळस, ताई," ते म्हणाले. तेवढंच. मी ते त्यांच्या हातातून घेऊन माझे टाके बघितले. मी जे कौतुकानं शेजारणीला दाखवलं, ते घालून ही ढिगाऱ्यावरून उडणार होती.

त्यांनी मला पाणी दिलं आणि आतून एक नारिंगी हेल्मेट काढलं. त्या रंगाला नारिंगी म्हणणंही सभ्यपणाचं होतं. गेल्या वर्षीचा रंग, कोणी घेत नव्हतं, म्हणून निम्म्या किमतीत. आत सुरक्षेचा शिक्का तोच, माप तेच, लांबट डोक्याचं. "रंगना पैसा देऊ नको," ते म्हणाले. गालाच्या गाद्या थोड्या जाड पाहिजे होत्या, त्या बदलून दिल्या. पुन्हा मागून ढकललं. धनश्रीची मानच पुढं आली, हेल्मेट जागचं हललं नाही. मग मलाही ढकलायला लावलं. मी दोन्ही हातांनी ढकललं.

त्यानंतर आमची ओळख वाढली. मोटोक्रॉसचा कपड्यांचा जोड फार महाग असतो, तो बघून मी हबकले होते. आबांनी हिशेब सोपा करून सांगितला. डोकं, गुडघा आणि घोटा, एवढं विकत घ्यायचं. "कापड बठ्ठं तू शिवजो." बाकी सगळे कपडे मी शिवायचे. पण मी धनश्रीला उभी करून माप घ्यायला लागले, तर मला थांबवलं आणि तिला स्टुलावर बसवलं, गाडीवर बसतात तशी, गुडघे वाकवून, कोपरं बाहेर. "ती उभी राहीसन गाडी चालावस का?" वीस वर्षं मी माणसं उभी करून मापत आले. वाकल्यावर पाठ किती लांब होते आणि बाही मनगटावरून किती वर सरकते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा टेपनं पाहिलं. पँटला सलवारीसारखी मियानी, म्हणजे दोन पायांच्या मधे जोडतुकडा, घालायची युक्ती मात्र माझी. आबांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, हे मला ठाऊक नव्हतं. पुढं त्यांच्याकडची आणखी पोरं माझ्याकडून पँटी शिवून नेऊ लागली. सगळ्यांची मापं मी बसवून घेते.

शर्यतीला या म्हणून आम्ही खूप सांगितलं. आबा आले नाहीत. "माले पडताना देखवत नही," म्हणाले. इतकी पोरं त्यांनी सजवून पाठवली, पण एकही शर्यत पाहिली नाही.

मी पाहिली. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या ढिगाऱ्यावरून धनश्रीची गाडी आडवी उतरली आणि पोरगी डोक्यावर आपटून लोळत गेली. दोरीपलीकडून मला फक्त धूळ दिसत होती. मग धुळीतून ते नारिंगी वर आलं. उभं राहिलं. त्या रंगाला मी नावं ठेवली होती, त्याचे उपकार मी कधी फेडणार? पोरीला खांद्याला मुका मार लागला, बाकी काही नाही.

हेल्मेटवर एक ओरखडा आला होता, एवढंच. मी ते धुऊनपुसून ठेवलं. धनश्रीला आबांकडून नवीन घेऊ आणि हे बहिणीच्या मुलाला देऊ, पुस्तकं देतो तसं. आबांना तसं सांगितलं. त्यांनी ते हातात घेतलं, कपाटातून लोखंड कापायची करवत काढली, आणि माझ्यासमोर हेल्मेट मधोमध कापायला लागले. मी "अहो आबा, अहो" करतेय आणि ते कापताहेत. दोन भाग झाल्यावर त्यांनी मला आतली बाजू दाखवली. पांढरा थर एका जागी चेपून पार चपटा झाला होता आणि तिथून बारीक तडे गेले होते.

"हाई दबनं, म्हनीसन पोरनं डोकं वाचनं. आते याले दुसरांदा दबता येत नही."

तेव्हा मी रडले. मैदानावर रडले नव्हते, तिथं रडले. आबा करवत पुसत बसले.

दोन वर्षं गेली असतील. एका दुपारी आबा पारोळ्याला माझ्या दुकानाच्या दारात उभे. धुळ्याहून एसटीनं आले होते. मला आधी ओळखू आले नाहीत. पोटाचं दुखणं काढलं होतं, त्यात शरीर निम्मं झालं होतं. अंगातला शर्ट खुंटीला टांगावा तसा. मला गलबलून आलं, पण मी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. म्हटलं, "आबा, अंग लई उनात का?"

ते खूप हसले. हसताना धाप लागली. म्हणाले, जेवढं राहिलंय तेवढं आणलंय. पुतण्याच्या मुलीचं लग्न आहे, घरचे सगळे शर्ट ढगळ होतात, एक बसता शिवून दे.

मी माप घेतलं. छातीला मागं एकदा घेतलेल्या मापापेक्षा चार इंच कमी भरलं. आकडा मी मोठ्यानं म्हटला नाही, नुसता लिहिला. टेप गुंडाळताना आबा माझ्याकडे न बघता बोलले.

"ताई, वाढता आंगनं शिवजो."

मी म्हटलं, हो.

तो शर्ट मी दुसऱ्याच दिवशी शिवला. तो न्यायला आबा आले नाहीत, आणि लग्नाआधीच त्यांची बातमी आली. दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. बाकही नाही.

शर्ट माझ्या कपाटात आहे. धनश्री म्हणते, चांगला आहे, कोणाला तरी दे. मी देत नाही. फिक्या निळ्या रंगाचा, बाहेरून अगदी बेतशीर दिसणारा. आत दोन्ही बाजूंना मी दोन दोन नाही, चांगली चार चार बोटं कापड ठेवलं होतं. ते उसवायची वेळ आली नाही.