भुऱ्याच्या छातीवरची निळी रेघ

सन १९५८. माझं वय तेव्हा एकतीस. अंजनगावच्या ढोरांच्या दवाखान्यात इंगळे डॉक्टर बदलून आला. जनावर तपासायच्या आधी तो आवारातल्या बैलांच्या घंट्यांत चिंध्या कोंबायला लावी, मग माणसांना गप्प करी. "मले आयकू द्या," एवढंच त्याचं बोलणं. दुसऱ्याचं तोंड बंद करणाऱ्याच्या पोटात काहीतरी असते, असं माझं मत. ते अजून बदललेलं नाही.

माझा कुत्रा भुऱ्या संत्र्याचा बगीचा राखायचा. तो खोकू लागला, धावला की धापा टाकू लागला, म्हणून नेला. डॉक्टरनं त्याच्या बरगडीवर एक बोट ठेवलं आणि दुसऱ्या बोटानं त्यावर ठोकत ठोकत पुढं सरकला. हे काय चाललं, मी विचारलं.

"रॉकेलचं पिंप वाजवून पायतं ना तू? रिकामं तिथं पोकळ, भरलं तिथं बद्द वाजते. याचं काळीज कुठवर आलं ते पाहून राहिलो."

आवाज बदलला तिथं त्यानं निळीत काडी बुडवून रेघ ओढली. माझं डोकं तिथंच फिरलं. आमच्या बाजारात खाटीक बकरं घेतो तेव्हा त्याच्या अंगावर अशीच रेघ ओढतो. त्यात हा डॉक्टर रोज चहाला धनराजकडे. धनराजचा बगीचा माझ्या धुऱ्याला, बांधालाच लागून, आणि माझा कुत्रा त्याच्या डोळ्यात सलायचा. घरी येऊन मी रेघ घासून धुतली.

पुढच्या खेपेला डॉक्टरनं विचारलं, रेघ कुठं गेली? पावसानं गेली, म्हटलं. "पाऊस कोनच्या गावात पडला बा?" लोक हसले. त्यानं पुन्हा रेघ ओढली आणि ती धुऊ नको, काळीज वाढलं तर तिच्यावरूनच कळेल, असं बजावलं. ती मी राहू दिली, त्याची लबाडी पकडायला.

मग त्याची अकोल्याला बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी त्यानं मला बोलावलं. भुऱ्याची छाती वाजवून म्हणाला, "काळीज वाढलं याचं. आता बगीच्यात सोडू नोको. चोरामांगं पयता पयता पडन एखांद्या दिवशी."

"म्हंजे धनराजच्या मनासारखं झालं," मी तोंडावर बोललो.

त्यानं माझं बोट धरून बरगडीवर ठेवलं. "माह्यावर भरवसा नोको ठेवू. तूच वाजव."

मी मागून पुढं वाजवत आलो. पोकळ, पोकळ, आणि रेघ यायच्या आधीच बद्द. पुन्हा वाजवलं. तेच. कुत्रं हललं, मी म्हटलं.

डॉक्टर हात पुसत हसला. "सोताच्या कानालेही चोर समजतं का रे?"

काही वर्षांनी तो अकोल्यातच वारला, असं कानावर आलं. त्याचं नि धनराजचं काही नव्हतंच, असं मी आजही म्हणणार नाही. पण छाती वाजवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भुऱ्याला ओसरीच्या खांबाला बांधलं, तो साखळी ओढत राहिला, आणि काठी घेऊन बगीचा राखायला मी गेलो.