कुंतामावशीची ढोलकी आणि माझा डावा हात

माझी मुलगी मोना म्हणते, आईचं बी.ए. मराठीत झालं, पण खरं शिक्षण काळजीत झालं. आता घर झोपलंय, गॅस बंद असल्याचं दोनदा पाहून झालंय, म्हणून कुंतामावशीबद्दल लिहायला बसले आहे.

साकोलीत आमच्याच गल्लीत ती राहते. मुलगा पिंटू नागपूरला गाडी चालवतो, ती घरी एकटीच विड्या वळायची. रविवारी चर्चच्या उपासनेत ढोलकी वाजवायची. पाळकसाहेबांची प्रार्थना लांबली की ढोलकीवर हळूच एक टिचकी पडे आणि साहेब लगेच ‘आमेन’कडे वळत.

गेल्या पोळ्याच्या सुमारास मावशीला लकवा झाला. डावी बाजू गेली. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून ती घरी यायच्या आदल्या दिवशी मी तिचं घर झाडायला गेले. खुंटीवर ढोलकी दिसली आणि माझं डोकं चालू लागलं. ही दिसताच मावशी कोसळेल. मी ढोलकी जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि मोनाच्या पलंगाखाली सारली.

“मावशीला विचारलंस?” मोना म्हणाली.

“अशा गोष्टी विचारायच्या नसतात.”

मावशी पाय ओढत घरी आली. डावा हात मांडीवर दुसऱ्या कुणाची तरी वस्तू ठेवावी तसा पडलेला. खुंटीकडे बघून म्हणाली, “मंजू, माही ढोलकी कोठं गेली वं?”

“दुरुस्तीला दिली. चामडं सैल झालं होतं.”

“कोणाले देली?”

“भंडाऱ्याला.”

“भंडाऱ्यात कोणाले?”

मी चहा ठेवायला पळाले. मोनानं कधी खोटं बोलू नये म्हणून मी रोज प्रार्थना करते, हे इथे सांगितलेलं बरं.

पुढच्याच आठवड्यात मावशीनं जाहीर केलं की तिला उपकारस्तुती ठेवायची आहे. आमच्यात आजारातून उठलं की घरी मंडळीला बोलावून देवाचे आभार मानतात, मग जेवण.

“मावशी, पण तुम्ही अजून बऱ्या कुठे झालात?”

“त्यासाठी कोंबडा राखून ठेवला हाय न. मी बरी होईपर्यंत त्याले किती दिवस खाऊ घालू?”

तिचं घर लहान, तिला दगदग नको, म्हणून मी घाईघाईनं म्हटलं, “माझ्याकडे ठेवू.” पलंगाखाली काय आहे, हे मला मंडळी येऊन बसल्यावर आठवलं.

मावशीला खाली बसता येत नव्हतं. मोनानं तिला स्वतःच्या पलंगावर बसवलं. मी नको नको म्हणेपर्यंत पाळकसाहेबांनी डोळे मिटलेसुद्धा. सगळ्यांची डोकी खाली. मावशीनं पाय जरा मागे घेतला.

धम्म!

त्या क्षणी मी जशी मनापासून प्रार्थना केली तशी आयुष्यात केली नव्हती. आमेन झाल्यावर मावशी म्हणाली, “मंजू, तुह्या घरचा भंडारा पलंगाखाली हाय काय वं?”

मोनानं निमूटपणे ढोलकी बाहेर ओढली. मला रडूच फुटलं. “तुम्हाला पाहून वाईट वाटेल म्हणून...”

मावशी एका हातानं लुगडं सोडवू लागली. “वाईट तं वाटणारच. सकाळी उठली का पयले वाईटच वाटते. इड्या गेल्या, हात गेला. थोडं रडून घेतलं का देवाले इचाराचं, बापा, आज कायचे आभार मानू, दाखव. त्यानं दाखवाची वस्तू तूनं लुगड्यात बांधून ठेवली!”

तिनं ढोलकी मांडीवर घेतली. उजव्या हातानं बारीक आवाजाची बाजू वाजली. दुसरी बाजू मुकी. सगळे भिंतीकडे पाहू लागले.

“बस इकडं, मंजू. हे बाजू तुही.”

शाळेच्या गाण्यात बाईंनी मला आवाज न करता टाळ्या वाजवायला सांगितलं होतं, इतकं माझं तालाचं ज्ञान. तरी बसले. पहिल्या कडव्यातच मी अशी काही थाप मारली की पाळकसाहेब गाता गाता थांबले आणि पुढची ओळ विसरले.

मावशी हसू लागली. अर्धं तोंड हलत नव्हतं, तरी हसू पूर्ण होतं. “देवानं माहा हात नेला तं नेला, बदल्यात हे देली!”

सगळे हसले. मीही. मग कोंबडा जेवलो.

तेव्हापासून दर रविवारी मी मावशीचा डावा हात आहे. चुकले की तिच्या उजव्या हाताची टिचकी बसते. ठोके मोजता मोजता काळजीही करून पाहिली, जमत नाही, ताल जातो. हात परत येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. गीत सुरू व्हायच्या आधी मावशी उजव्या हातानं डावा उचलते आणि ढोलकीच्या लाकडावर ठेवते. “त्यालेबी ऐकू दे,” म्हणते.

उद्या रविवार. ठोका चुकेल ही काळजी आत्तापासूनच लागली आहे. आज प्रार्थनेत आभार कशाचे मानायचे सुचेना, तेव्हा त्या काळजीचेच मानले. आता गॅस एकदा पाहून झोपते.