मांजर पिसाळलेली नव्हती

टेंबेसाहेब आज सकाळी गेले. मला वाईट वाटलेलं नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले. मी जोडले नाहीत.

ते आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीचे पहिले सेक्रेटरी, आणि पुढे वीस वर्षं तेच. गोष्ट नव्वदच्या दशकातली आहे. नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून लिहितो.

आमच्या ग्राउंड फ्लोअरच्या घरामागे एक मांजर व्याली होती. पांढरी, शेपूट काळी. दोन पिल्लं. माझी बायको सुमन तिला खायला घालायची.

पिल्लं साडेतीन महिन्यांची झाली. सुकट खायची, उंदरामागे धावायची, तरी आईला पिणं सोडेनात. ती नुसता हाडांचा सापळा झालेली.

मग ती त्यांना मारायला लागली. जवळ आली की फिस्स करायची, थोबाडीत द्यायची.

मला टेन्शन आलं. मला कशाचंही येतं.

सुमन म्हणाली, "अहो, तिचं तिला कळतं. तुम्ही मध्ये पडू नका."

मी पडलो.

जवळच्या तळवली गावची एक म्हातारी मासे विकायला यायची. तिला विचारलं. ती म्हणाली, "कोरफड लाव रं तिचे आचलांना. माजे पाच पोरांचा दूद मी असाच तोरला."

सुमननेही आमच्या मुलाचं तसंच सोडवलं होतं. मला पटलं. कुंडीतली कोरफड कापली, मांजरीला मांडीवर घेतलं आणि गर चोळला.

एक गोष्ट डोक्यातच आली नाही. बाई स्वतःला चाटत नाही. मांजर चाटते.

पाच मिनिटांत तिच्या तोंडाला फेस आला. ती जिन्यापाशी पळाली. पिल्लं प्यायला मागोमाग. तिने एकाची मान धरून त्याला आपटलं.

नेमके तेव्हाच टेंबेसाहेब ऑफिसला निघाले होते.

"पिसाळली! वॉचमन, पोतं आण!"

मी धावलो. "साहेब, कोरफडीचा फेस आहे तो. मीच लावली. पिसाळलेली नाही ती."

"तुम्ही शिकलात किती?"

"सातवी."

"मग बाजूला व्हा."

जमलेले सगळे हसले.

मी बाजूला झालो.

पोत्याचं तोंड सुतळीने बांधलं. वॉचमन सायकलवरून तिला ठाणे-बेलापूर रोडच्या पलीकडे, कारखान्यांच्या बाजूला सोडून आला. कुठे, ते त्यालाही नीट सांगता येईना.

महिनाभर माझी शिफ्ट सुटली की मी तिथल्या कारखान्यांच्या गेटागेटावर हाका मारत फिरलो. नाही मिळाली.

पुढे जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "कडू चाटलं की मांजरीला फेस येतो. आणि पिल्लं मोठी झाली की आई मारतेच. तिचं बरोबर चाललं होतं."

त्या दिवशी ठरवलं, ह्या माणसाला सोडायचं नाही.

दर जनरल मीटिंगला ऐनवेळचे विषय आले की मी उभा राहायचो. "मांजर पिसाळलेली नव्हती, असं मिनिट्समध्ये लिहा. कोरफड लावली ही माझी चूक, तीही लिहा."

"काका, पाण्याचं बोला!" लोक ओरडायचे.

टेंबेसाहेब चष्मा पुसायचे. "नेक्स्ट."

वर्षानुवर्षं "नेक्स्ट".

शिवाय दोन्ही पिल्लांना मी सुकट टाकायचो ती टेंबेसाहेबांच्या स्कूटरच्या सीटवर. सीट फाटली. नवी घातली, तीही फाटली.

एकदा ते दारात आले. "हे तुम्ही मुद्दाम करता."

"हो."

"एका मांजरीसाठी?"

"लिहून द्या, बंद करतो."

तसेच परत गेले.

मागच्या महिन्यात ते अंथरुणाला खिळले, तेव्हा मी भेटायला गेलो. सोसायटीला वाटलं, मिटलं एकदाचं. माझ्या खिशात कागद आणि पेन होतं.

"एकच ओळ आहे, साहेब."

त्यांनी वाचली. बराच वेळ वाचली. मग म्हणाले, "तुम्ही सांगितलं तेव्हाच मला पटलं होतं. पण माणसं बघत होती."

"मग आता सही करा. आता कोणी बघत नाही."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

आज संध्याकाळी शोकसभा आहे. बोलणाऱ्यांत मी नाव दिलं होतं. त्यांच्या मुलाचा फोन आला. "काका, आज तरी नको."

ठीक आहे. तिथे नाही बोलणार. म्हणून इथे लिहिलं.

टेंबेसाहेब, तुम्हाला निरोप. माफी नाही.

ती शहाणी होती. पिल्लांना वेळेवर तोडत होती. माझ्या चुकीने आणि तुमच्या हुकमाने गेली.

माझी श्रद्धांजली तिला.